काळ्या मातीचे पाय, काळ्या खडकावर

वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या माणसाला आपल्याला चालता येतं याचा फार अभिमान असतो. पावसाळ्यात शेताचा गारा होतो, पायाला शेर शेर चिखल चिकटतो, आणि तरी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आमचा माणूस धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून सरळ निघून जातो. अंगठा खुपसायचा, टाच उचलायची आणि पाय जरा पिळून बाहेर काढायचा, असं ते चालणं. मी भातकुलीकडची, त्यामुळे माझेही पाय त्याच चालीचे. आमच्या गावात सांगण्यासारखे दगड दोनच, एक देवाचा आणि एक जात्याचा. लग्न होऊन मी बार्शीटाकळीच्या पलीकडे काटेपूर्णेच्या काठी नांदायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात धुणं घेऊन नदीत उतरले, ती बसूनच उतरले. धुणं एकीकडे, मी एकीकडे. काठावर माझी सासू उभी होती. ती धावत येऊन उठवेल असं मला वाटलं. तिनं तिथूनच सांगितलं, "अवं पोरी, हे तुह्या बापाचं वावर नव्हे. पाय रोवू नोको, पाय ठेव."

तिला मी आत्याबाई म्हणायची. आमचं माहेर-सासर दोन्ही माळ्याचं, पण बाबांनी भाजीपाल्याचा नाद सोडून केव्हाच कापूस धरला होता, आणि सासरी अजून वांगी, मिरच्या, कांदे आणि मेथी होती. मळा अगदी नदीला लागून. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला बांधले, की घरातली माणसं लवंडायची. आत्याबाई मात्र काठी घेऊन खडकांवर जायची. बायकांनी टोपलीनं झिंगे धरावेत, गळ पुरुषांनी टाकावा, असा आमच्याकडचा रिवाज. कुणी तसं बोलून दाखवलं तर ती म्हणायची, "मासा काय पाहून राहिला का, वर कोन हाये ते?"

तिच्याजवळ जे सामान होतं त्याला दुकानातला एकही जिन्नस लागत नसे. काठी कळकाची, शेंड्याला बारीक आणि बुडाशी मुठीत मावेल एवढी. गळ मोडक्या सुईचा, चुलीत लाल करून वाकवलेला. तरंगा मोरपिसाच्या देठाचा. दोरी तागाची, तिनं स्वतः मांडीवर वळलेली आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात रात्रभर मुरवून काळपट केलेली. साल न पाजलेली दोरी पाण्यात कुजते आणि माशाला दिसतेही, असं ती सांगे. या सगळ्याहून महत्त्वाचं सामान तिच्या पायाला असायचं. अंबाडीची जाड दोरी तळपायाला आडवीउभी गुंडाळून घोट्याशी ती घट्ट गाठ मारायची. चामड्याचा जोडा ओल्या खडकावर घसरतो, अनवाणी पाय शेवाळावर घसरतो, पण दोरी शेवाळ धरते. मी हे हसण्यावारी नेलं होतं. आणखी दोनदा पडल्यावर मीही अंबाडी वळायला बसले.

शिकवायची तिची तऱ्हा म्हणजे शिव्या. हिरवा खडक दिसला की मी घाबरायची, तर ती म्हणायची, हिरवा खडक बरा, तो सांगून तरी पाडतो. काळा, चकचकीत, वरून स्वच्छ दिसणारा असतो तो खरा लबाड. पाय आधी सपाट टेकवायचा, अंगाचा भार मागून द्यायचा. गुडघे ताठ करायचे नाहीत. वाहत्या धारेला पाठ द्यायची नाही. पुढे जायच्या आधी मागे कसं यायचं ते पाहून ठेवायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कारण मोठा मासा लागला तर तो दोरी ओढेल आणि दोरी तुला. मासा निसटला तर त्याच्यामागे पाऊल टाकायचं नाही. "मासा दुसरा भेटते, पाय दुसरा भेटत नाही," हे तर ती रोज ऐकवायची. आणि पडणार असं वाटलंच तर लाज न धरता आपणच खाली बसून घ्यायचं. मला तिच्या शिकवणीतलं हे शेवटचं फार आवडलं, आणि ते मी आयुष्यात खडकाबाहेरही पुष्कळदा वापरलं.

मला मूल झालं नाही, पुढेही झालं नाही. ते दुःख मी झाकून ठेवत नाही, पण उगाळतही बसत नाही. आत्याबाई त्यावरून मला कधी टाकून बोलली नाही. मासा निसटला की मात्र ती माझ्या सात पिढ्या काढायची. ह्यांचा स्वभाव गरीब. आठवड्याच्या बाजाराला भाजीची गाडी घेऊन जायचे आणि येताना माझ्यासाठी काहीतरी गोड आणायचे. एकंदरीत मी सुखात होते. माझ्या मनाला टोचणारी गोष्ट एकच होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्यात रीत. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला बाबांनीच वाढवलं, माझी वेणीसुद्धा वाकडीतिकडी त्यांनीच घातली. आणि त्या माणसाला माझ्या घरी घोटभर पाणी मला देता येत नव्हतं.

त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. कुठंतरी साता समुद्रापलीकडे लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या बोंडांना विलायतेत मागणी आली. लोकांनी मिरच्यांचे वाफे मोडून कापूस लावला. बायकांच्या दंडात वाक्या आल्या, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, आणि अकोल्याकडे आगगाडीच्या रस्त्याचे भराव पडू लागले. बाबांनीही नवा जोडा घेतला, चालताना करकर वाजणारा. कापूस विकायला अमरावती त्यांना उशापायथ्याशी होती. तरी ते गाड्या घेऊन अकोल्याला यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, अकोल्याला भाव बरा. भावात काय फरक असायचा तो त्यांना ठाऊक आणि मलाही ठाऊक. अकोल्याहून एक गाडी घेऊन ते आमच्याकडे यायचे, ओट्यावर बसायचे, लुगडं माझ्या हातात द्यायचे, आणि जेवणवेळ झाली की उठून नदीवर जायचे. तिथं आपल्या फडक्यातली शिळी भाकर आणि चटणी खायचे, ओंजळीनं नदीचं पाणी प्यायचे, आणि ऊन कललं की परत निघायचे. मी दारात उभी राहून त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहायची आणि मग उगाच भांड्यांची आदळआपट करायची.

एका वर्षी ते असे भाकर खात बसले होते तिथंच आत्याबाईनं गळ टाकला होता. व्याही-विहिणीत थट्टा चालतेच, त्यात ती फटकळ.

"इवाई, माह्या घराचा तुमाले इटाळ हाये, पन नदी तर माही नाही ना? भाजून देऊ का मासा?"

बाबा म्हणाले, "इटाळ काहून बोलता ईनबाई? रीत हाये. आन गळ तुमचा, म्हंजे मासा तुमच्याच घरचा झाला."

"मंग पुढच्या सालाले तुमचा गळ आना."

ती हे थट्टेनं बोलली, पण बाबांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी गाडीतून उतरले तेच काठी घेऊन. गळ गावच्या लोहाराकडून करून आणलेला, बकरं टांगावं एवढा. आणि दोरी सुताची. त्या वर्षी गावात कुणी वातीपुरताही कापूस घरात ठेवत नव्हतं, आणि बाबांनी पहिल्या वेचणीतला निवडक कापूस बाजूला काढून, टकळीवर स्वतः सूत काढून, त्याचे पदर वळून ती दोरी केली होती. पांढरीशुभ्र, देवाच्या वातीसारखी. माझ्या हातात दिली तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्या दोरीनं मासा धरायचा, नदीकाठी भाजायचा, आपली भाकर खायची आणि लेकीसोबत दोन दिवस राहायचं, असा त्यांचा बेत. दोन दिवस! मला आनंदानं काही सुचेना.

आत्याबाईनं दोरी बोटांत धरून पाहिली. "लय सुंदर हाये. पन साल पाजा इवाई, नाहीतर कुजन."

"एवढा पांढरा कापूस, आन त्याले काळं फासू?" बाबांना ते सहन होईना. "ईनबाई, ह्या कापसासाठी तिकडचे सायब लोक तोंड वासून बसले हायेत. तुमच्या नदीतल्या माशाले तो चालत नाही का?"

कापसाचा शेतकरी आपल्या कापसाबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. 

खडकावर जाताना त्यांनी जोडा काठावर काढून ठेवला. खडक ओला म्हणून नव्हे, जोडा नवा म्हणून. मी माझी अंबाडीची दोरी पुढे केली, "बाबा, पायाले बांधा."

"अवं, गुडघाभर गाऱ्यात भारा वाहनारा मानूस मी. मले चालनं शिकवतं का?"

आणि ते निघाले, अंगठे खुपसत, टाचा उचलत, पाय पिळत. खडकात अंगठा खुपसणार कुठं? मी ओरडले, "सपाट ठेवा, बाबा, सपाट!" तोवर ते त्या काळ्या चकचकीत दगडावर पोचले होते. काठी सोडली असती तर हात टेकता आला असता, पण काठीला ती दोरी होती. काठी त्यांनी उंच धरली आणि स्वतः खाली गेले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकून घोटा पिळला गेला. मी धावले नाही. पाय सपाट ठेवत, मागची वाट पाहत गेले, आणि जाताना रडत गेले. पाण्यात बसलेले बाबा काठी मला दाखवत म्हणाले, "दोरी कोरडी हाये."

घोटा भोपळ्यासारखा सुजला. आत्याबाईनं आंबेहळदीचा गरम लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं की इतक्यात पाय टेकायचा नाही. सोबतचा गाडीवाला गाडी घेऊन परत गेला. बाबा राहिले. पण घरात नाही. मळ्यातली राखणीची खोपडी म्हणजे घर नव्हे, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाडीवाटेचा शिधा, म्हणजे ज्वारीचं पीठ, मीठ आणि तिखट, त्यांच्यापाशी होता. पहिल्या दिवशी पाय लांब करून, तीन दगडांच्या चुलीशी वाकून त्यांनी स्वतःच भाकर थापली. एका बाजूनं जळालेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. ती मीठ लावून खाल्ली आणि नदीचं पाणी प्यायले. माझं घर तिथून हाकेवर. चुलीवर वांग्याची भाजी शिजत होती, तिचा वास खोपडीपर्यंत जात असणार. मला इतका राग आला, रीतीचा, बाबांचा, माझ्या रिकाम्या कुशीचा, की मी त्या दिवशी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी खोपडीत गेले आणि बाबांची काठी उचलली.

"कुठी चालली?"

"मासा धरायले. काठी तुमची, गळ तुमचा, दोरी तुमच्या कापसाची. नदी कोनाच्या बापाची नाही. पीठ तुमचं, मीठ तुमचं. मंग जेवन कोनाचं झालं?"

बाबा विचारात पडले. "मासा तर तू धरशीन. हात तुहे ना?"

"हात कोनं देले? तुमीच ना?"

ते हसले, मी तोच होकार समजले. त्या बकऱ्याच्या गळाला मासा लागेना, म्हणून आत्याबाईनं तोच चुलीत लाल करून, ठोकून, घासून बारीक केला. "लोखंड तुमचंच हाये," असं तिनं त्यांना मुद्दाम सांगून टाकलं. दोरीच्या शेवटाला तिनं चिखल चोळायला लावला, म्हणजे पांढरेपणा तेवढा लपेल. त्या दुपारी झिंग्याचं आमिष लावून मी एक मध्यम शिंगाळा धरला. बाबांच्या चुलीवर बाबांच्या तिखटात शिजवला. भाकर मी थापली. ते जेवत होते आणि मी समोर बसून पाहत होते. लग्न झाल्यापासून बाबांना माझ्या हातचं जेवताना मी पाहिलं नव्हतं. किती साधी गोष्ट, पण मला तिची केवढी भूक होती ते तेव्हा कळलं.

मग तोच क्रम झाला. रोज दुपारी मी खडकावर. कधी शिंगाळा, कधी मरळ, कधी नुसतेच बोटभर मासे. बाबा खोपडीच्या दारातून मला पाहायचे. मी कुठं पाय ठेवते, कशी गुडघे वाकवून उभी राहते, हे पाहून एकदा आत्याबाईला म्हणाले, "ईनबाई, ह्या पोरीची चाल बदलली."

"इथची झाली ते," आत्याबाई म्हणाली. "आता नेऊ नोका."

सूज उतरत आली. काठी टेकत ते बांधापर्यंत चालू लागले. ह्यांनी सांगितलं की पुढच्या बाजाराच्या गाडीतून त्यांना अकोल्यापर्यंत नेऊन सोडू. आणि मग पुन्हा तेच, वर्षातून एकदा ओट्यावर अर्धा दिवस. त्या वयात आता ते पुन्हा खडकावर थोडेच उतरणार होते?

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दुपारी डोहाच्या तोंडाशी मोठा मासा लागला. तरंगा बुडाला तो वर आलाच नाही. मी दोरी सैल दिली, मग ताणली. मासा खडकाच्या कपारीत शिरला, दोरी कडेला घासली आणि तुटली. गळही गेला आणि अर्धी दोरीही. हातात उरलेला तुकडा पाहिला, तर पीळ सुटून सूत आतून पिवळं पडलं होतं, बोटानं ओढलं तरी निघत होतं. रोज ओली होत होती, साल पाजलेली नव्हती, ती कुजली. मी तिथंच खाली बसून घेतलं.

शेजारच्या खडकावरून आत्याबाईनं सगळं पाहिलं होतं. तिनं आपल्या काठीची दोरी सोडली आणि गळासकट माझ्याकडे टाकली. मी ती बाबांच्या काठीला बांधली. तो मोठा मासा परत आला नाही. पण ऊन कलायच्या आत एक चांगली मरळ लागली.

ती शिजवताना माझ्या मनात काय काय येऊन गेलं. न सांगता वाढलं असतं तर चाललं असतं. दोरी तर मी काठीला गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची, कोण पाहणार होतं? पण चोरून खाऊ घातलेलं माझ्या लेखी जेवण नव्हतं. ते न जेवले तरी चालेल, पण फसून जेवायला नकोत. थाळी वाढायच्या आधी मी तुटलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, तुमची दोरी तुटली. गळबी गेला. हा मासा आत्याबाईच्या दोरीवर आला, तिच्याच गळावर. म्हंजे माह्या घरचा हाये. खाता का नाही ते तुमी सांगा."

त्यांनी तुकडा उचलला. अंगठ्यानं आणि बोटानं चोळून पाहिला. सूत भुगा होऊन त्यांच्या धोतरावर पडलं.

"ईनबाईनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "म्या ऐकलं नाही."

मग ते मडक्याकडे पाहत बसले. रस्सा निवत होता. मी आग्रह केला नाही. एवढी वर्षं मी आग्रह करून पाहिला होता.

"मले नातू पाह्याचा होता," ते म्हणाले. "रीत म्या त्याच्यासाठी धरली. वाटे, रीत धरली त देव देईन." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "त्याच्या नादात तुलेच उपाशी ठेवलं वं बाई. वाढ."

मी वाढलं. त्यांनी काट्याचा ढीग बाजूला करत करत सगळी मरळ संपवली, रस्सा पुन्हा मागून घेतला, थाळी बोटानं पुसून काढली. त्यांच्या उजव्या हाताशी नेहमीप्रमाणे नदीच्या पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो त्यांनी उचलला, हात लांब करून मिरच्यांच्या वाफ्यात ओतला आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"हे नोको. तुह्या रांजनातलं आन."

 मी तांब्या घेऊन घरात गेले, रांजणावरचं झाकण काढलं. आत्याबाई चुलीपुढे बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तो तांब्या घासून घे आंधी. आन काठोकाठ भर वं, इवाई आज पयल्यांदा आपल्या घरचं पानी पिऊन राहिले."